लोहाऱ्याची नाव देवगडच्या बंदरात

देवगड बंदर
२४ ऑक्टोबर

प्रिय दीपा,

जय भीम. आम्ही बुडालो नाही. हे सगळ्यात पहिले लिहून टाकते, कारण पाकीट फोडल्यावर तू तेच शोधशील. तुहे बाबा माह्यासमोर बसून पेरू खाऊन राह्यले, बिना मिठाचा. बरं, चिमटीभर मीठ आहे.

तू माहा फोन उचलत नाहीस. रोशन जवाई म्हणाले, "आई, पत्र टाका. तिले फोन कापता येते, पत्र फेकवत नाही." म्हणून पोस्टातून पाकिटं आणली. जवायावर चिडू नको, मीच त्यायच्या मागे लागलती.

तर झालं असं की आम्ही दाभोळवरून गोव्याले निघालो होतो. मजेत चाललो होतो. नयनले सांग, आजीनं डॉल्फिन पाह्यले, चार-पाच तरी असतील, आपल्या नावेसोबत पोहत होते, म्हशीच्या पाठीसारखी काळी पाठ. मग परवा रेडिओवर सांगितलं की समुद्रात वादळ तयार होऊन राह्यलं, सगळ्यायनं जवळच्या बंदरात जावं. देवगड जवळ होतं, आलो. इथं बंदरावर तीन नंबरचा बावटा चढवला आहे. तो वर आहे तोवर कोणीच बाहेर निघायचं नाही. आम्हीही नाही. तुले वाटते तितके आम्ही पागल नाही.

समुद्र कसा होता म्हणशील, तर आपल्या इसापूरच्या धरणासारखा. थोडा हलत होता. बंदरात शिरताना सुकाणू माह्या हातात होतं, कारण तुह्या बाबाले जरा थकवा आलता. उन्हाचा थकवा. आभाळ सकाळपासून काळं होतं म्हणून आम्ही लवकरच आत वळलो, हे बरं झालं.

बंदर पाह्यशील तर तुहा राग पाच मिनिटं तरी उतरंन. गुजरातच्या होड्या, कर्नाटकातल्या, रत्नागिरीच्या, सगळ्या एकमेकीले खेटून उभ्या आहेत, बैलबाजारात उभ्या असल्यासारख्या. एका होडीवरून दुसरीवर पाय टाकत माणूस इकडून तिकडे जाते. दिवाळीचे कंदील अजून लटकून आहेत आणि पावसानं त्यायचा रंग खाली गळून राह्यला. या सगळ्यायच्या मधात आपली नाव, रमाई.

पहिल्याच दिवशी एक बाई धक्क्यावर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. चंद्रभागा कोयंडे तिचं नाव, मासळी विकते, माह्याच वयाची असंन. म्हणाली, "तुमी खयसून इलास?" मी सांगितलं, यवतमाळवरून. ती म्हणाली, नाव कुठून आणली ते विचारते. मी म्हटलं, तीही यवतमाळचीच. माह्या नवऱ्याचा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा कारखाना होता आणि माहं ताडपत्री शिवायचं दुकान. त्यायनं पोलादाच्या पत्र्याची नाव जोडली, मी शिडं शिवली, आणि ट्रेलरवर टाकून आणली. तिनं नावेच्या पत्र्यावर बोटानं ठोकून पाह्यलं. मग तुह्या बाबाले म्हणाली, "यवतमाळाक समुद्र खय आसा?"

तुहे बाबा म्हणाले, "नाही, म्हणून तर निवांत बांधता आली. समुद्र असता तर रोज कोणी ना कोणी शहाणपण शिकवायले आलं असतं."

ती इतकी हसली की तिच्या डोक्यावरची टोपली हलली.

दीपा, पोळ्यानंतर ट्रेलर निघाला तेव्हा तू त्याच्यासमोर उभी राहून बाबाले जे बोलली, ते मी इथं लिहीत नाही. त्यायले पाठ आहे. त्यायनं अजून मले एकदाही म्हटलं नाही की दीपा चुकली. ते म्हणतात, पोरगी नर्स आहे, तिनं माह्या हृदयाच्या नळीत बसवलेली जाळी पाह्यली आहे, ती नाही घाबरणार तर कोण घाबरंन.

गोळ्या वेळेवर चालू आहेत. तंबाखूचा खर्रा सुटला तो सुटलाच.

तुही,
आई


देवगड
२६ ऑक्टोबर

प्रिय दीपा,

जय भीम. मागच्या पत्रात ऊन आणि काळं आभाळ एकाच वेळी लिहून गेली, ते तू पकडलंच असशील. तुह्यासमोर खोटं बोलणं मले कधी जमलं नाही. लहानपणी तू विचारायची, आई मटण संपलं का, आणि मी हो म्हणेपर्यंत तू डब्यात हात घातलेला असायचा.

तर खरं लिहिते. बसून वाच.

दुपारी वारा एकदम फिरला. मोठं शीड मधातून फाटलं, टरकन. तुह्या बाबाले उलट्या सुरू झाल्या आणि ते खाली आडवे पडले. इंजिन तर तुले माहीत आहे, शेतातल्या पंपाचं, ते सुरू झालं पण एवढ्या लाटेत त्याचा जोर पुरेना. मी लहान शीड चढवलं आणि सुकाणू काखेत दाबून धरलं. पाऊस असा, की पुढचं काही दिसत नव्हतं. मग देवगडच्या किल्ल्यावरचा दीपस्तंभ दिसला आणि मी त्याच्यावर नजर ठेवली.

तुहे बाबा खालून विचारत होते, "मथुरा, भेव लागते का?"

मी म्हटलं, "लागते. पण आत्ता नाही. बंदरात गेल्यावर लागू दे."

आणि खरंच, नांगर टाकल्यावर मले असं भेव लागलं की चंद्रभागानं मले हाताले धरून धक्क्यावर घेतलं आणि कपभर काळा चहा पाजला. पण त्या दोन तासांत, दीपा, मले काय वाटत होतं सांगू? जाऊ दे. ते मग कधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुह्या बाबाले इथल्या दवाखान्यात नेलं. ते नाही म्हणत होते. मी म्हटलं, दीपानं विचारलं तर काय सांगू? मग मुकाट्यानं निघाले. डॉक्टरीणबाईनं छातीची ईसीजीची पट्टी काढली, बीपी पाह्यला, सगळं ठीक आहे म्हणाली. उलट्या लाटेच्या होत्या, हृदयाच्या नाही. पट्टीचा फोटो जवायाच्या फोनवर टाकला आहे. तू पाह्यलाच असशील, आणि पाह्यलं असं सांगणार नाहीस.

आता इथली गंमत ऐक. पाऊस सुरूच आहे. बारीक नाही, कोणी आभाळातून बादल्या ओतून राह्यलं असा. मी नावेतलं हातमशीन काढलं आणि धक्क्यावरच्या मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये बसून फाटलेलं शीड शिवायले घेतलं. एक गुजराती खलाशी आला, त्याच्या हातात फाटकी ताडपत्री. त्याची भाषा मले कळेना, माही त्याले कळेना, पण भोकाची भाषा सगळ्यायले कळते. त्याले ठिगळ मारून दिलं. संध्याकाळपर्यंत माह्यासमोर रांग लागली. जाड ठिकाणी मशीन थकते, तिथं दाभण घेते. चंद्रभागा बाजूले बसून दोऱ्याले मेण लावून देते आणि कोणी घुसला की त्याले रागावते. तिची मालवणी आणि माही वऱ्हाडी एकमेकीले निम्मी समजते. उरलेली निम्मी आम्ही हसून काढतो.

तुह्या बाबाले कसा दम निघंन? कर्नाटकच्या एका होडीचं सुकाणू तुटलं होतं, त्याचा पत्रा वाकला होता. बंदरावर एकाजवळ वेल्डिंगचं मशीन आहे, पण माणूस दिवाळीले गावी गेला. बाबा दोनदा त्या सुकाणूजवळून गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा डोळ्यावर काच धरून बसले. मी थांबवलं नाही. ऑपरेशन झाल्यापासून त्यायनं नावेशिवाय कशाले हात लावला नव्हता, तुले माहीतच आहे. काम झाल्यावर त्या कानडी खलाशानं त्यायचे दोन्ही हात धरून डोळ्याले लावले. तुहे बाबा इतके लाजले की सरळ चहाच्या टपरीवर निघून गेले.

वजन काही उचललं नाही. मी लक्ष ठेवून होती.

इथं एक मुणगेकर म्हणून गृहस्थ आहेत, समुद्राकाठी पाहुण्यांच्या खोल्या आहेत त्यायच्या. आज दोनदा येऊन रमाईभोवती फिरून गेले. काहून, ते माहीत नाही.

तुही,
आई


देवगड
२९ ऑक्टोबर

प्रिय दीपा,

मुणगेकर काहून फिरत होते ते आता कळलं. त्यायले रमाई विकत पायजे. पाण्यात चालवायले नाही. त्यायच्या आवारात नारळाखाली जमिनीवर उभी करायची, आत खुर्च्या-टेबल टाकायचे, पाहुण्यायनं आत बसून चहा प्यायचा आणि फोटो काढायचे. माणूस वाईट नाही. घासाघीसही करत नाही.

आणि तुह्या बाबानं हो म्हटलं.

मी शेडमध्ये शिवत बसलती तेव्हा येऊन सांगितलं. म्हणाले, "दीपा बोलणार नाही, नाव पाण्यात आहे तोवर. मले पोरगी पायजे का लोखंड?" सोमवारी मुणगेकर कागद घेऊन येणार. मी शिवत राह्यली. दाभण बोटात घुसली तेवढंच.

तेव्हापासून विचार करून राह्यली आणि आज सकाळी ठरवलं की तुले लिहायचं. तू चुकीच्या माणसावर रागावली आहेस, दीपा. तुले वाटते बाबानं मले ओढत नेलं. तू ट्रेलरसमोर म्हटलं होतं, "बाबा, तुम्ही तुमच्या हौसेपायी माह्या आईले मारायले नेऊन राह्यले." ते ऐकून तुहे बाबा मान खाली घालून उभे राह्यले. ते बोलू शकले असते. बोलले नाही, मले वाचवायले.

नाव माही हौस आहे.

तुले आठवते, मोहल्ल्यातल्या आम्ही बाया वीस मार्चले महाडले गेलतो, चवदार तळ्यावर? तुले तेव्हा नयन व्हायची होती. परतीच्या आधी ड्रायव्हरनं गाडी श्रीवर्धनले नेली, म्हणे समुद्र पाहून घ्या. सगळ्या बाया लुगडी वर धरून पाण्यात पाय भिजवून राह्यल्या होत्या, तानाबाई तर पडली सरळ. मी मागेच उभी. दूर एक शिडाची होडी जात होती. मी ते शीड पाह्यलं ते पाहतच राह्यली. सगळ्यायले वाटलं मले चक्कर आली.

मी जिंदगीभर कापड शिवलं ते झाकायले. कापसाची गाडी झाका, तुरीची पोती झाका, लग्नात ऊन झाका. पहिल्यांदा असं कापड पाह्यलं जे कशाले झाकत नव्हतं, नेऊन राह्यलं होतं. शिवण कशी असंन, दोर कुठून घेतला असंन, हेच डोक्यात. यवतमाळले येईपर्यंत मी कोणाशी धड बोलली नाही.

कोणाले सांगितलं नाही. सांगून काय? दुकान होतं, तुहं बाळंतपण होतं, मग बाबाची तब्येत. त्यायचं ऑपरेशन झालं, तू पंधरा दिवस सुटी टाकून सेवा केली आणि पुसदले गेली. तू गेल्यावर काय झालं ते तुले आम्ही कळू दिलं नाही. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे, बाकी भिंत. कारखान्याची जागा भाड्याची होती, तिची किल्ली त्यायनं जागामालकाले वापस दिली. मी डॉक्टरले विचारलं, ते म्हणाले हृदय ठीक आहे. मी म्हटलं, मग माणूस कुठे गेला?

एक दिवस मी भाजी निवडत होती आणि तोंडून निघून गेलं. म्हटलं, "आयुष्यभर लोकायच्या ट्रॉल्या जोडल्या, माह्यासाठी एक पाण्यावरची जोडून द्या."

भिंतीकडचं तोंड वळलं. म्हणाले, "किती फुटाची?"

तीन वर्षं लागली, तू पाह्यलीच आहेत. लोकं हसले तेही पाह्यलं. तुले वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यात वेड शिरलं आणि आई बिचारी सोबत फरफटत चालली. मी बिचारी नव्हती, दीपा. रात्री अंगण झाडून तिथं शिडाचं कापड पसरायची तेव्हा मी सोळा वर्षाची असायची.

दाभोळले ते मले म्हणालेही, पोरगी रडली, चल वापस जाऊ. मी नाही म्हटलं. मी. आणि त्या दिवशी वादळात, ज्याबद्दल मागच्या पत्रात लिहिता लिहिता थांबली, ते हे, की मले मजा आली. भेव होतंच. पण एवढं मोठं पाणी, वर वारा, आणि माह्या हातानं मारलेली शिवण टिकून राह्यली होती. मोठ्या शिडाचं कापडच फाटलं, शिवण कुठे उसवली नाही, ते मी नंतर नीट पाह्यलं. मी तोंडावर पाणी घेत मोठ्यानं गाणं म्हणत होती. तुह्या बाबाले वाटलं मी रडून राह्यली.

मी माफी मागून राह्यली नाही. फक्त रागवायचं असंन तर बरोबर माणसावर रागव. आणि बाबाशी बोल. नाव विकली तरी बोल, नाही विकली तरी बोल.

तुही,
आई


देवगड
१ नोव्हेंबर

प्रिय दीपा,

मागचं पत्र तुले मिळालं का नाही, माहीत नाही. हे तर सगळं झाल्यावरच पोचंन.

पाऊस उघडला. वारा अजून आहे, बावटा अजून वर आहे, पण पश्चिमेकडे आभाळ निळं दिसून राह्यलं. सगळ्या बंदरात कपडे वाळत टाकले आहेत, दोरावर, डोलकाठीवर, जाळ्यावर, जिथं जागा मिळंन तिथं. दुरून पाह्यलं तर मोठ्या लग्नाघरासारखं दिसते.

काल मी कणकेचे रोडगे केले. इथं गोवऱ्या कुठून आणायच्या? चंद्रभागानं नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, गोळा करून दिलं, पोतं भरून. त्याच्या निखाऱ्यात रोडगे भाजले आणि मोठ्या पातेल्यात वांग्याची भाजी, आपल्यासारखी तेल सुटलेली. होड्या बाहेर नाहीत म्हणून मासळी नाही, आठ-नऊ दिवसांपासून सगळे डाळ-भात खाऊन कंटाळले होते. धक्क्यावर पंगत बसली. गुजराती, कानडी, मालवणी, रत्नागिरीच्या होड्या चालवणारे मुसलमान तांडेल, सगळे एका ओळीत. तिखटानं सगळ्यायच्या डोळ्यातून पाणी आणि तरी वाढा म्हणून हात पुढे. जेवताना कोणी कोणाले विचारलं नाही तुम्ही कोण म्हणून. तुहे बाबा वाढत होते. ते माह्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आपल्या आज्यानं हे पाह्यलं असतं तर?" आणि पुढे गेले वाढत.

आज दुपारी ओल्या वाळूत कबड्डी झाली. मले पंच केलं. कानड्यायनं दोन पोरं पळवून आणली होती दुसऱ्या होडीवरची, ते मी पकडलं.

विकायचं ठरलं आहे. मीही हो म्हटलं. मागच्या पत्रात जोरात लिहिलं, पण दोन दिवस विचार केल्यावर वाटलं, पोरगी का लोखंड, याचं उत्तर तेच. मले समुद्र मिळाला, मिळायचा तेवढा. दुःख करत बसणार नाही. फाटलेलं शीड तरी पूर्ण शिवून ठेवलं. जमिनीवरच्या नावेले शीड लागत नाही, पण अर्धवट काम माह्यानं ठेवल्या जात नाही.

सोमवारी कागद झाले की मंगळवारच्या गाडीनं निघू. पुसदले उतरू का, ते तू सांगशील तसं.

तुही,
आई


मालवण
५ नोव्हेंबर

रोशन,

मी मालवणात आहे. देवगडले जाते म्हणून निघालती, हे मले माहीत आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेमधे हसतोस आणि मग मलेही हसू येते, आणि हे मले नीट सांगायचं आहे. आईले पत्र जमते तर मलेही जमंन.

तू आईचं २९ तारखेचं पत्र माह्या हातात दिलं आणि मी तशीच बॅग भरली, तेव्हा मी खूप चिडलेली होती. तुले वाटलं मी निवळली. नाही. गाडीत बसल्यावर मी पूर्ण रस्ता वाक्यं जुळवत होती. आईले हे म्हणीन, बाबाले ते म्हणीन, आणि दोघायले हाताले धरून घरी आणीन. बीपीचं मशीन मांडीवर घेऊन बसलती.

सोमवारी सकाळी देवगडले उतरली. रिक्षावाल्याले म्हटलं, यवतमाळची नाव आली आहे, माहीत आहे का? तो म्हणाला, रोडगेवाल्या मावशीची काय? पैसे घ्यायले तयार नव्हता. त्याच्या पावसाळी पडद्याले आईनं ठिगळ मारून दिलं होतं.

आई शेडमध्ये एका उलट्या क्रेटवर बसलती. आजूबाजूले पाच-सहा खलाशी, बाजूले एक बाई दोऱ्याले मेण लावत होती. आई काळी पडली, बारीक झाली, केस सगळे वाऱ्यानं विस्कटलेले. ती कोणाले तरी काहीतरी सांगून हसत होती, मान मागे टाकून. रोशन, मी चाळीस वर्षाची होत आली, आईले असं हसताना मी पाह्यलं नव्हतं. मी तिथंच थांबली. माही वाक्यं सगळी विसरली.

तिनं मले पाह्यलं आणि हातातलं काम तसंच खाली ठेवलं. जवळ येऊन माह्या बॅगेचा पट्टा खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतला.

बाबा नावेवर होते. मुणगेकर नावाचे ते गृहस्थ टेप घेऊन आत टेबलं कुठे बसतील ते मोजत होते. बाबानं मले पाह्यलं, उठून उभे राह्यले, पुन्हा बसले. म्हणाले, "आली का वं? पाच मिनिटं थांब, ही नाव विकून टाकतो, मग बोलू."

मी बीपीचं मशीन काढून त्यायच्या दंडाले पट्टा बांधला. मुणगेकर टेप धरून उभे. बीपी माह्यापेक्षा चांगला निघाला. मी दोनदा पाह्यला, मशीन बिघडलं असंन म्हणून मुणगेकरांचाही पाह्यला. त्यायचा जास्त होता.

मग मी आईकडे वळली आणि विचारलं, "तुले विकायची आहे का?"

आई बाबाकडे पाहायले लागली. मी म्हटलं, "त्यायच्याकडे पाहू नको. तुले विचारते."

"नाही," आई म्हणाली.

एवढंच. पण मले वाटते आईच्या तोंडून हा शब्द स्वतःसाठी मी पहिल्यांदा ऐकला. मी मुणगेकरांना म्हटलं की नाव विकायची नाही. ते म्हणाले, तुमच्या वडिलांनी शब्द दिला आहे. बाबा म्हणाले, "शब्द माहा होता, नाव हिची आहे. मले आधी समजलं नाही." मुणगेकर थोडे नाराज झाले, पण माणूस खरंच चांगला आहे. चहा घेतला, आणि जाताना आईले आपल्या अंगणातल्या छपराचं कापड शिवायचं काम देऊन गेले, येता हंगाम सुरू व्हायच्या आधी पायजे म्हणून.

दुपारी मी आणि आई धक्क्यावर बसलो. मी विचारलं, "तू मले आधी सांगितलं काहून नाही?"

"तू नाही म्हटलं असतं."

"हो, म्हटलं असतं."

"म्हणून."

मग मी रडली. रागानं नाही. मी तिले सांगितलं की ऑपरेशनच्या वेळी मी काचेतून मॉनिटर पाहत होती. दुसऱ्या कोणाच्या बाबाचा असता तर मी शांत उभी राह्यली असती, पण त्या दिवशी मले त्या रेषेशिवाय काही दिसत नव्हतं, आणि तेव्हापासून बाबा समोर आले की मले माणूस दिसत नाही, रेषाच दिसते. हे मी तुलेही कधी सांगितलं नाही. आईनं ऐकून घेतलं. पदरानं माहं तोंड पुसलं, मेणाचा वास होता पदराले. म्हणाली, "मग आता दोन दिवस माणसाकडे पाह्य."

मी माह्या अटी सांगितल्या आहेत. दर बंदरात दवाखाना, पट्टीचा फोटो माह्या फोनवर, तुह्या नाही. पावसाळाभर घरी. उन्हाळ्यात तपासणी. बाबानं सगळ्याले हो म्हटलं. आईनं विचारलं, मीठ? मी म्हटलं, चिमटीभर.

काल सकाळी बावटा उतरला. तुले सांगता येत नाही ते दृश्य. शेकडो होड्यायनं एकाच वेळी भोंगे वाजवले, पूर्ण गाव धक्क्यावर. चंद्रभागाकाकूनं आईच्या ओटीत नारळ टाकला आणि दोघी एकमेकीच्या गळ्यात पडून आपापल्या भाषेत बोलत राह्यल्या. मी बॅग घेऊन उभीच. माही गाडी दहाची होती. आई नावेवर चढली, वळली आणि म्हणाली, "मालवणपर्यंत चल. तिथून तुले बस मिळते."

रोशन, मले पोहता येत नाही, तुले माहीत आहे. मी जाकीट घातलं आणि चढली.

किल्ल्याच्या बाहेर निघताच मले उलट्या. नर्स म्हणून मी लोकायच्या उलट्या पाह्यल्या, स्वतःच्या इतक्या कधी नाही. आईनं एका हातानं सुकाणू धरलं आणि दुसऱ्यानं माह्या जाकिटाची कॉलर, मी पाण्यात जाऊ नये म्हणून. ती हसत होती आणि थोड्या वेळानं मीही हसायले लागली, उलट्यायच्या मधात. मग इंजिन बंद केलं. शीड भरलं. आवाज एकदम थांबला आणि नाव आपली आपण पुढे जायले लागली. त्या शिडाले मधातून खालपर्यंत आईची शिवण आहे, पांढऱ्या कापडावर निळा दोरा, कारण पांढरा संपला होता.

नयनच्या शाळेत चिठ्ठी देजो. पोरीले सांग, आई उद्या रात्री येते आणि सुटीत तिलेही आणायचं ठरलं आहे. तुले विचारायचं राह्यलं. आता विचारते.

काल दुपारी, मालवणच्या वाटेवर, बाबा खाली जाऊन झोपले. मी त्यायच्यामागे गेली, सवयीनं. त्यायच्या छातीकडे पाहून श्वास मोजत बसली, घड्याळ पाहून, वार्डात मोजते तशी. बाबा तोंड उघडं टाकून घोरत होते, हाताले वेल्डिंगचे दोन नवे चटके, पायाले वाळू. वरून आईनं हाक मारली, "दीपा, ये वं, दोर धर, माहे दोनच हात आहेत." मी कितीपर्यंत मोजलं होतं ते विसरली, आणि वर गेली.

तुही,
दीपा